कार्डामागचं माणूस

फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "वानखेडे मॅडम, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा." मी हो म्हटलं आणि घरी येऊन कागद पुढे घेतला. गमतीदार म्हणून जे आठवलं ते एका पानात संपलं. उरलं त्याने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. तेच लिहिते आहे.

मी नोएडातल्या एका कंपनीत नावं विकायचे. इंटरनेटवर कुठलीही वेबसाइट काढायची तर तिला नाव लागतं, त्याला डोमेन म्हणतात. खरं तर विकायचे म्हणणंही चूक, भाड्याने द्यायचे. वर्षाचा करार, वर्ष संपलं की पुन्हा पैसे भरा, नाहीतर नाव दुसऱ्याला. अकोल्याची माझी मावशी विचारायची, "हवेतली नावं इकून पगार भेटते काय वं?" भेटायचा. फरीदाबादचा फ्लॅट त्याच पगारावर उभा आहे.

माझं टेबल तपासणीचं. बहुतेक नावं यंत्रच परस्पर देऊन टाकतं, माणसाकडे येतच नाहीत. यंत्राला ज्यांचा संशय येतो तेवढी आमच्यासमोर येतात. समोर नाव, पत्ता, फोन आणि कार्ड. एवढ्यावरून पलीकडचं माणूस खरं की खोटं हे ठरवायचं. मुलगी बघायला आल्यासारखं, फक्त मुलगी पडद्याआड.

आता त्या कार्डांविषयी. आपल्या पाकिटातलं कार्ड बँकेने दिलेलं असतं आणि बँकेने आपला चेहरा, पत्ता, सही सगळं पाहिलेलं असतं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे दुसरीच कार्डं यायला लागली. त्यांना प्लास्टिक नाही, नुसता नंबर. मोबाइलवर एक ॲप घ्यायचं, त्यात क्रिप्टो, म्हणजे ते बिटकॉइनच्या जातीचं डिजिटल चलन, भरायचं. ॲपवाला त्याचे डॉलर करतो आणि एक कार्ड नंबर हातात ठेवतो. आमच्या यंत्राला ते चारचौघांसारखं कार्डच दिसतं. फक्त सुरुवातीच्या आकड्यांवरून कळतं, की हे कुठल्यातरी लांबच्या बेटावरच्या संस्थेने काढलेलं आहे. त्यावर नाव काय असावं याला धरबंध नाही.

एकदा कार्डावर नाव आलं, 'राजा साहब'. पत्ता गाझियाबादचा. मी फोन लावला.

"राजा साहब बोल रहे हैं?"

"जी, राजा साहब तो कोई नहीं है. मैं टेंट हाउस से बोल रहा हूँ."

"कार्ड पर यही नाम है."

मग तो लाजत म्हणाला, "मैडम, ॲप ने पूछा कि कार्ड पर क्या नाम चाहिए. 'चाहिए' पूछा ना, तो जो चाहिए था वो लिख दिया."

भाच्याने त्याला थोडं क्रिप्टो घ्यायला लावलं होतं, ते कुठे खर्चावं हे कळत नव्हतं, म्हणून त्याने लग्नाच्या मांडवांची वेबसाइट काढायला घेतली होती. मी त्याला नाव दिलं. दिवसभर ऑफिस हसत होतं.

पण अशी कार्डं वापरणारे सगळे राजा साहब नव्हते. ज्यांना आपण कोण ते कळू द्यायचं नव्हतं, त्यांना ही कार्डं सोन्यासारखी. विजेचं बिल भरा, केवायसी करा, बक्षीस घ्या, असल्या खोट्या साइटची नावं त्याच कार्डांवर यायची. आम्ही अडवायचो. काही सुटायची.

अशाच सुटलेल्या एका नावापायी मला थंडीतल्या एका दुपारी फोन आला. तक्रारीचा फोन त्या दिवशी माझ्याकडे होता.

"मॅडमजी, वो एग्झाम का सेंटर किधर है?"

"कौन सा एग्झाम?"

माणूस अडखळत साइटचं नाव वाचायला लागला, एकेक इंग्रजी अक्षर. मागून एक मुलगी त्याला दुरुस्त करत होती. तो तिला म्हणाला, "थांब नं वं जरा, बोलू दे."

मी कान टवकारले. "तुम्ही वऱ्हाडातले का?"

"हाव! वाशीमकडचे. तुमी मराठी?"

"अकोल्याची."

"मंग तं बरं झालं," तो एवढा मोकळा झाला की मलाच धडकी भरली. "सांगा नं बाई, हे सेंटर कुठीसा हाय? आमी पानिपतात हावो. पत्ता हाच हाय, पण इथं तं ब्लँकेटचं गोदाम हाय. बाहेर अजून लय पोरं उभी हायेत, कोणी बिहारचं, कोणी राजस्थानचं."

तो बोलत असतानाच मी साइट उघडली. एका सरकारी खात्याच्या भरतीची साइट, वर बोधचिन्ह, खाली फोन नंबर, सगळं जागच्या जागी. खऱ्या नावात आणि या नावात फक्त एका आडव्या रेघेचा फरक होता. आमच्या नोंदीत पाहिलं. क्रिप्टोचं कार्ड. यंत्राने परस्पर पास केलेलं.

"दादा," मी म्हटलं, "परीक्षा नाहीये. ती साइट खोटी आहे."

"खोटी कशी? पोरीचा फोटो हाय त्याच्यावर. रोल नंबर हाय."

"तेही खोटं आहे."

फोन मुलीने घेतला. तिचं नाव अश्विनी, हे मला नंतर कळलं. आवाज अगदी सरळ होता, रडका नव्हता. "मॅडम, सायबर कॅफेवाल्याने शोधून तुमचा नंबर दिला. म्हणाला, ही साइट यांच्याकडची आहे."

"साइट आमची नाही. नाव फक्त आमच्याकडून घेतलं आहे."

"मग नाव देताना तुम्ही बघत नाही का, कोणाला देताय ते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं लांबलचक होतं, यंत्र, नियम, दिवसाला येणारे अर्ज. ते बाजूला ठेवलं. मी एवढंच म्हटलं, "तुम्ही दोघं दिल्लीला या. मी भेटते."

साइट मी फोन ठेवायच्या आधी बंद केली.

दुसऱ्या दिवशी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये आम्ही भेटलो. तिथे पोहे मिळतात, म्हणून मीच ती जागा सांगितली होती. वडील गवंडीकाम करणारे, पांढरा सदरा, त्यावर कुणाचा तरी मागून आणलेला स्वेटर. "जयभीम," म्हणाले आणि बसले. पोह्यांना हात लावला नाही. म्हणाले, "लहानपणापासून म्हणत आलो, याचं पानिपत झालं, त्याचं पानिपत झालं. गाव काल पाह्यलं."

अश्विनी हसली नाही. ती कॅन्टीनमधल्या माणसांकडे बघत होती. हॉल तिकीट नीट घडी करून तिच्या पर्समध्ये होतं. सायबर पोलिसांकडे मी सोबत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने तक्रार शांतपणे लिहून घेतली आणि मला विचारलं, "डोमेन किसके नाम पर था?" मी नोंद पुढे केली. नाव बनावट, पत्ता एका पेट्रोल पंपाचा, फोन बिहारमधल्या एका म्हातारीचा, जिने आयुष्यात इंटरनेट पाहिलं नव्हतं. कार्ड काढणाऱ्या संस्थेला पत्रं गेली. बेटावरून उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही.

स्टेशनवर त्यांना गाडीत बसवताना अश्विनी म्हणाली, "मावशी, तो सापडला तर मला कळवा. मला त्याला बघायचंय." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या गोदामाबाहेरच्या गर्दीची बातमी झाली आणि आमच्या ऑफिसात धावपळ उडाली. माझा साहेब केतन, पुण्याचा, माझ्यापेक्षा खूप लहान, हुशार मुलगा. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "चलो, बस झालं. या जातीच्या कार्डांवर घेतलेली सगळी नावं आजपासून होल्डवर. ज्याला परत पाहिजे त्याने कागद घेऊन यावं."

होल्ड म्हणजे नाव मरत नाही, पण साइट उघडत नाही. दुकानाला बाहेरून कुलूप. मी जोरजोरात मान डोलावली. अश्विनीचा प्रश्न अजून कानात होता, आणि कुणीतरी अखेर काहीतरी करतंय याचं बरं वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही.

"मैडम, मेरा स्कूल बंद हो गया है," फोनवर एक बाई. हिंदी स्वच्छ, पण वळण वेगळं. मी साइटचं नाव विचारलं. तिने सांगितलं, 'पंजरा'.

"पिंजरा?"

"नहीं नहीं, पंजरा. हमारी ज़बान में खिड़की."

तिचं नाव नर्गिस. काबूलला गणित शिकवायची, आता दिल्लीत भोगलला एका खोलीत राहत होती. तिकडे नव्या राजवटीने मुलींच्या शाळा सहावीनंतर बंद केल्या, तेव्हा तिने इथून धडे टाकायला सुरुवात केली. मुली घरात बसून, भावाचा किंवा आईचा फोन घेऊन शिकायच्या. इथे तिचं बँकेत खातं निघत नव्हतं. इराणमध्ये मजुरी करणारा चुलतभाऊ जमेल तेव्हा क्रिप्टो पाठवायचा, त्यावर ती कार्ड काढायची आणि नावाचे पैसे भरायची. त्याच ॲपचं कार्ड. पानिपतच्या खोट्या साइटवाल्याचं होतं तेच.

"काग़ज़ भेजिए," मी म्हटलं. "पहचान पत्र, पता."

"नहीं भेज सकती."

"क्यों?"

"मेरी बहन वहीं है. उसकी बेटियाँ भी. मेरा नाम कहीं लिखा गया और किसी ने देख लिया तो?"

मी फोन ठेवला आणि चडफडत बसले. ज्याला लपवायचंय तो हेच म्हणतो. नाव नको, कागद नको, माझ्या जिवाला धोका आहे. असल्या गोष्टी मी ढिगाने ऐकल्या होत्या. एका भामट्याने तर मला आजारी आईचा खोकला ऐकवला होता. आणि समजा खरं असलं, तर? मी फोन उचलून पुन्हा ठेवला, चहाला गेले, चहा न घेता परत आले. शेजारची पूजा म्हणाली, "क्या हुआ मैडम, आज बड़ी बेचैन हो?"

शनिवारी मी भोगलला गेले. कंपनीत असा नियम नाही. कुणी ग्राहकाच्या घरी जात नाही.

नानच्या भट्टीवरच्या माळ्यावर तिची खोली होती. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान, पण केस पांढरे झालेले. तिने चहा दिला, बदाम पुढे ठेवले आणि टेबलाशी बसली. पुस्तकांच्या चवडीवर मोबाइल उलटा टेकवलेला, खाली कोरा कागद. व्हिडिओत फक्त कागद आणि तिचे हात येत. चेहरा नाही. ती अपूर्णांक शिकवायला लागली. भाषा मला कळत नव्हती, पण नानचं चित्र काढून ती ते कापत गेली, आणि अर्धा, पाव, अष्टमांश मला कळत गेले. मधेच तिने एक गणित मुद्दाम चुकीचं सोडवलं, पेन थांबवलं आणि वाट पाहिली. समोर कुणीच नव्हतं. तरी ती वाट पाहत होती, वर्गात मुली हात वर करतील अशी. मग हसून तिने चूक खोडली.

"साइट तो बंद है," मी म्हटलं. "फिर क्यों बना रही हैं?"

"खुलेगी तो सबक़ तैयार होना चाहिए."

मग तिने कपाटातून आपलं निर्वासिताचं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. "आप देख लीजिए. फ़ोटो मत लीजिए."

मी पाहिलं. नाव, चेहरा, शिक्का. परत दिलं. जिना उतरताना मला पहिल्यांदा जाणवलं, की मी तिच्यावर विश्वास ठेवायला निघाले आहे, आणि त्याने माझी धास्ती कमी न होता वाढली. धडे शिकवणारी साइट उद्या दुसरं काही विकायला लागली तर? हे चुलतभावाचं पैसे पाठवणं दिसतं तसंच आहे कशावरून? पानिपतच्या साइटवरही सगळं जागच्या जागीच होतं.

सोमवारी केतनच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, प्लीज," तो ऐकून म्हणाला, "एकाला सोडलं की उद्या शंभर रडत येतील. कोण खरं कसं ठरवणार?"

"ते ठरवायचाच पगार घेते ना मी?"

"ओळखपत्राची कॉपी कुठाय?"

"नाही. मी स्वतः पाहिलं आहे."

"ऑडिटला काय दाखवू यार? मॅडमनी पाहिलं?"

"हो. माझं नाव दाखव."

तो खुर्चीत मागे टेकला. चिडला नव्हता, काळजीत होता. "तुमची रिटायरमेंट जवळ आलीय. हे नाव उद्या कुठे फ्रॉडमध्ये सापडलं ना, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. आणि पानिपतच्या त्या मुलीला तुम्हीच भेटलात. तिला काय सांगाल?"

केतन हे टोचून बोलला नव्हता. म्हणूनच ते लागलं. मी म्हटलं, "तिने विचारलं होतं, नाव देताना तुम्ही बघता का. यावेळी मी बघून आलेय."

केतनने होल्डची यादी उघडून 'पंजरा' शोधली. मग म्हणाला, "मेल लिहा. जबाबदारी तुमची, असं स्पष्ट लिहा. मी अप्रूव्ह करतो."

मी लिहिला. माझं पूर्ण नाव, हुद्दा, 'मी स्वतः भेटून खात्री केली आहे'. दोनदा वाचला आणि पाठवला. संध्याकाळी 'पंजरा' उघडली. नर्गिसचा फोन आला, "खुल गई, मैडम." पलीकडून भट्टीवर नान थापटल्याचा आवाज येत राहिला.

गोष्ट इथे गोड शेवटाने संपली असती तर संपादकांना आवडलं असतं. पण त्यानंतर माझ्या जिवाला चैन पडली नाही. रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा ती साइट उघडून बघायचे. शाळाच आहे ना अजून? एखादं बक्षीस, एखादी भरती तर आली नाही? एकदा मुखपृष्ठाचा रंग बदललेला दिसला आणि मी हातातलं काम टाकून साइटचं पान न् पान तपासलं. वसंतातल्या त्यांच्या नवीन वर्षाची सजावट होती ती. यजमान म्हणायचे, "अगं, तू तिला सोडवलंस की पाळतीवर ठेवलंस?" दोन्ही, मी म्हणायचे.

बाकीच्या अडकलेल्यांपैकी किती खरे होते, मला ठाऊक नाही. ज्यांनी फोनच केला नाही, ज्यांना हिंदी येत नव्हतं, ज्यांना वाटलं की विचारून काय उपयोग, त्यांची नावं मुदत संपून गेली. भोगल मेट्रोने जाण्याइतकं जवळ होतं, म्हणून मी गेले. सगळी भोगलं जवळ नसतात.

अश्विनीचं म्हणाल तर तिने पुढच्या वर्षी खरी परीक्षा दिली आणि आता ती वाशीमकडेच एका सरकारी कचेरीत लागली आहे. अजूनही गावातल्या पोरांचे अर्ज भरायच्या आधी मला साइटचं नाव पाठवते, "मावशी, खरी का?" मी तपासून सांगते. पानिपतवाला सापडला का, हे ती आता विचारत नाही.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी केतनने भाषणात तो मेल सगळ्यांसमोर सांगितला आणि म्हणाला, "असा मेल मला परत कुणी पाठवू नका." सगळे हसले, मीही. मग लॅपटॉप जमा केला आणि कुठली साइट कुणाच्या नावावर आहे हे बघायचा माझा अधिकार संपला.

यंदा उन्हाळ्यात नर्गिसचा फोन लागेना. पुन्हा पुन्हा बंद. भोगलला गेले. माळ्यावर कुलूप. खाली भट्टीवाला म्हणाला, "वो तो चली गईं बहनजी, बाहर. किसी को बताकर नहीं गईं." कुठे, त्याला ठाऊक नव्हतं. चांगल्या ठिकाणी गेली असेल, परदेशात आसरा मिळाला असेल, असं मी मेट्रोत स्वतःला सांगत राहिले. पैसे कोण भरणार, नावाची मुदत कधी संपते, हेही मनात चालूच होतं. आता मी कुणाला मेल लिहिणार होते?

साइट मात्र बंद पडली नाही. नावाचे पैसे कुणीतरी भरले होते. कुणी, कुठल्या कार्डाने, ते मला कळायला मार्ग नाही. काही दिवसांनी नवा धडा आला. कोरा कागद, पेन, पण हात नर्गिसचे नव्हते. बारीक मनगटं, बोटावर शाईचा डाग, आणि आवाज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा, बहुधा नर्गिसच्या तिकडच्याच एखाद्या विद्यार्थिनीचा. बीजगणित होतं. एक्स आणि वाय मला ओळखता आले.

मधेच कुठेतरी दार वाजलं. मुलगी बोलायची थांबली. पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, मग पावलं, मग पुन्हा दार. मी फरीदाबादच्या माझ्या स्वयंपाकघरात, गॅसवर भाजी ठेवून, फोन हातात धरून उभी होते आणि हलत नव्हते.

मग पेन हललं. तिने घसा साफ केला, आवाज आधीपेक्षा हळू केला आणि बरोबरच्या चिन्हापुढे उत्तर लिहिलं.